गुजराती लग्नगीतं कागदावर आणणारा माणूस: झवेरचंद मेघाणी

गुजराती लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमासाठी गाण्यांची यादी करायला घरची मंडळी बसली, की 'मोर बनी' हमखास निघतं. 2013 साली आलेल्या 'गोलियों की रासलीला राम-लीला' या सिनेमामुळे ते देशभर पोहोचलं. त्यामुळे बऱ्याच जणांना ते सिनेमासाठीच लिहिलेलं वाटतं. खरं तर हे शब्द त्या सिनेमाच्या कितीतरी आधीचे, झवेरचंद मेघाणी यांचे. त्यांनी ते रवींद्रनाथ टागोरांच्या 'नववर्षा' या बंगाली कवितेवरून गुजरातीत आणले. म्हणजे मूळ कविता पावसाची आहे, लग्नाची नाही.

गंमत अशी, की गुजराती लग्नाची खरीखुरी गाणी पुस्तकात आली तीही मोठ्या प्रमाणात याच माणसामुळे.

मेघाणींचा जन्म 28 ऑगस्ट 1896 रोजी सौराष्ट्रातल्या चोटिला गावात झाला. घर जैन वाण्यांचं, मूळ गाव बगसरा. पण वडील कालिदास इंग्रजांच्या एजन्सीच्या पोलीस खात्यात होते आणि त्यांची सतत बदली व्हायची. दर काही वर्षांनी नवं ठाणं, नवे शेजारी. काठियावाडातल्या डोंगरांची, नद्यांची आणि तिथल्या बोलींची ओळख मुलाला अशी फिरता फिरता झाली. पुढे भावनगरच्या शामळदास कॉलेजातून इंग्रजी आणि संस्कृत घेऊन पदवी मिळवली आणि नोकरीसाठी थेट कलकत्ता गाठलं. तिथे ॲल्युमिनियमची भांडी बनवणाऱ्या एका गुजराती मालकाच्या कंपनीत ते काम करू लागले. कंपनीच्या कामासाठी काही महिने इंग्लंडलाही जाऊन आले.

कलकत्त्यात ते बंगाली शिकले, टागोर वाचू लागले. बंगालमध्ये लोकगीतं आणि लोककथा गोळा करण्याचं काम तेव्हा जोरात होतं. आपल्याकडे सौराष्ट्रातही एवढंच धन आहे आणि ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, हे त्यांना तिथे दिसलं. 1921 मध्ये चांगली नोकरी सोडून ते बगसऱ्याला परतले. पुढच्या वर्षी दमयंतीबेनशी लग्न झालं आणि त्याच वर्षी 'सौराष्ट्र' या साप्ताहिकात काम मिळालं.

अमृतलाल शेठ यांचं हे साप्ताहिक राणपूरहून निघायचं. राणपूरच का? काठियावाडात तेव्हा शेकडो लहानमोठी संस्थानं होती आणि राजाविरुद्ध छापलं तर छापखाना बंद व्हायला वेळ लागत नसे. राणपूर मात्र काठियावाडच्या सीमेवर, पण इंग्रजांच्या हद्दीत होतं. मेघाणींसाठी ही जागा दुसऱ्याही कारणाने सोयीची ठरली. आठवड्यातले काही दिवस कचेरीत घालवून उरलेल्या दिवसांत आगगाडीने, घोड्यावर, पायी गावोगाव भटकता यायचं. हडाळ्याचे दरबार वाजसुरवाळा यांच्यासारखे जुन्या गोष्टींचे जाणकार त्यांना भेटले. यातून 'सौराष्ट्रनी रसधार'चे पाच भाग 1923 ते 1927 या काळात आले. शूरांच्या आणि बहारवटियांच्या, म्हणजे बंडखोरांच्या, गोष्टी मिळवणं तुलनेने सोपं होतं. त्या सांगणारे चारण आणि बारोट पुरुषच होते आणि सांगणं हा त्यांचा पेशाच होता.

अडचण आली ती बायकांच्या गाण्यांची. रास-गरबा, अंगाई, लग्न ही सगळी गाणी बायकांच्या ओठांवर. परक्या पुरुषासमोर, तोही कागद-पेन्सिल घेऊन बसलेला, गाणार कोण? अनेक ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पोरबंदरजवळच्या बरडा भागात बखरला नावाचं गाव आहे. तिथल्या मेर समाजातल्या ढेलीबेन मात्र गायला बसल्या. त्या एकामागून एक गाणी म्हणत गेल्या आणि मेघाणी लिहीत गेले, रात्र चढेपर्यंत. स्वतःला लिहिता-वाचता न येणाऱ्या अशा बायकांचं ऋण मेघाणींनी पुढे आपल्या लेखनात मोकळेपणाने मान्य केलं.

'रढियाळी रात' या गीतसंग्रहाचा पहिला भाग 1925 मध्ये आला. त्यानंतर फक्त लग्नगीतांचा वेगळा संग्रह निघाला, 'चुंदडी'. त्याचे दोन भाग 1928 आणि 1929 चे. चुंदडी म्हणजे नवरीच्या डोक्यावरची बांधणीची ओढणी.

लग्नासाठी गाणी 'निवडणं' हा प्रकार या परंपरेत वेगळाच होता. आज आवडीची गाणी निवडतात; तेव्हा गाणं ठरायचं ते विधी आणि वेळ पाहून. कंकोतरी, म्हणजे लग्नपत्रिका, लिहिताना एक गाणं. मांडव घालताना दुसरं. पीठी, म्हणजे हळद, लावताना तिसरं. लग्नाआधीच्या दिवसांत पहाटे प्रभातियां आणि संध्याकाळी सांजी. मामाकडचा आहेर आला की मामेरुंची गाणी, वऱ्हाड दारात आलं की सासू नवरदेवाला ओवाळते तेव्हा पोंखणाची गाणी, मग हस्तमेळाप, फेरे आणि शेवटी पाठवणी. एक बाई गाणं सांगते, बाकीच्या झेलतात. गाण्यात नावांच्या जागा मोकळ्या असतात. तिथे ज्याचं लग्न त्याचं, त्याच्या बापाचं, काकाचं, बहिणीचं नाव घालायचं. म्हणून एकच गाणं प्रत्येक घराचं स्वतःचं होतं.

यातला सगळ्यात गमतीचा भाग फटाणां. वधूपक्षाच्या बायका वरपक्षाला आणि वरपक्षाच्या बायका वधूपक्षाला गाण्यातून यथेच्छ टोमणे मारतात. जावयाच्या रूपापासून विहिणीच्या चालीपर्यंत काहीही सुटत नाही, आणि रागावायची सोय नाही. आपल्याकडच्या विहिणीच्या गाण्यांची आठवण यावी असाच हा प्रकार.

पण हसण्याला लागूनच रडणं आहे. पाठवणीच्या गाण्यात मुलगी म्हणजे हिरव्या रानातली चिमणी, उद्या उडून जाणारी. एका प्रसिद्ध गीतात ती आजोबांना विनवते, की मला वागड प्रदेशात देऊ नका, तिथली सासू फार कडक आहे. ज्या मुलीला आपल्या लग्नाबद्दल घरात तोंड उघडता येत नव्हतं, तिचं म्हणणं मांडवात सगळ्यांसमोर गायलं जायचं. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये मराठी ओव्या गोळा केल्या, त्यांच्यातही हाच आवाज ऐकू येतो. शिकलेल्या शहरी घरांत अशी गाणी गावंढळ वाटू लागली होती, त्या काळात मेघाणींनी ती छापली. त्यांचा गळा चांगला होता. सभांमधून ते लोकगीतं स्वतः गाऊन दाखवत. हे फार महत्त्वाचं, कारण छापलेल्या पानावर चाल येत नाही. छापल्यामुळे एक तोटाही झाला: गावागणिक बदलणाऱ्या गाण्याचं एकच रूप पक्कं झालं. तरी न छापण्यापेक्षा हा तोटा केव्हाही परवडणारा.

1928 मध्ये रणजितराम सुवर्णचंद्रक पहिल्यांदा दिला गेला, तो मेघाणींना. 1930 च्या सत्याग्रहात त्यांचा 'सिंधुडो' हा गीतसंग्रह सरकारने जप्त केला आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. धंधुक्याच्या कोर्टात त्यांनी आपलं गीत गायलं तेव्हा तिथे जमलेल्यांचे डोळे ओले झाले, असं सांगतात. गांधी-आयर्विन करारानंतर 1931 मध्ये ते साबरमतीच्या तुरुंगातून सुटले. त्याच वर्षी गोलमेज परिषदेला निघालेल्या गांधीजींवर त्यांनी 'छेल्लो कटोरो' लिहिलं. गांधीजींनी त्यांना राष्ट्रीय शायर म्हटलं आणि ती ओळख कायमची चिकटली, इतकी की लग्नगीतं गोळा करणारे मेघाणी तिच्या मागे झाकले गेले.

1933 मध्ये दमयंतीबेन गेल्या. सौराष्ट्र सोडून मेघाणी मुंबईला आले, 1934 मध्ये मूळच्या नेपाळी असलेल्या चित्रादेवींशी त्यांनी लग्न केलं आणि 'जन्मभूमी' दैनिकात पुस्तकांवरचं 'कलम अने किताब' हे सदर लिहू लागले. दोन वर्षांनी पुन्हा 'फूलछाब'चे संपादक म्हणून राणपूरला परतले. 1941 मध्ये शांतिनिकेतनात त्यांनी लोकसाहित्यावर व्याख्यानं दिली. ज्या बंगालने हे वेड लावलं, तिथेच सौराष्ट्रातल्या बायकांची गाणी ऐकवण्याची वेळ आली. पुढे मुंबई विद्यापीठातही याच विषयावर ते बोलले. टागोरांच्या कवितांचं 'रवींद्र-वीणा' हे पुस्तक 1944 चं.

9 मार्च 1947 रोजी बोटाद इथल्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने मेघाणींचं निधन झालं. वय अवघं 50. 'काळचक्र' ही कादंबरी अर्धी राहिली होती. शेवटच्या काळात ते संतांची भजनं गोळा करत होते. 'सोरठी संतवाणी' हा तो संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी छापून आला.