झाडूच्या पलीकडचे गाडगेबाबा

२० डिसेंबर म्हणजे संत गाडगेबाबांची पुण्यतिथी. शाळेत कार्यक्रम ठरलेला असतो. फोटोला हार, मुलांच्या हातात झाडू, मैदान चकाचक आणि शेवटी दोन भाषणं. गाडगेबाबा कोण असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, स्वच्छता करणारे! चूक नाही, पण हे अर्धंच उत्तर आहे. राहिलेलं अर्धं मुलांपर्यंत न्यायचं म्हणून हा पाठ.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, घर परिटाचं. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. मामाची गुरं राखण्यात आणि शेतात राबण्यात डेबूजीचं लहानपण गेलं, शाळा वाट्याला आलीच नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. लग्न झालं, मुलंबाळं झाली आणि १ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचं खापर, हातात खराटा.

आता जरा ऋणमोचनला थांबू. पूर्णा नदीकाठचं हे गाव, इथं पौष महिन्यातल्या रविवारी यात्रा भरते. त्या काळी नदीत उतरायची वाट म्हणजे नुसता चिखल. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया घसरून पडायच्या. बघणारे पुष्कळ होते. बाबांनी कुणाला नावं ठेवली नाहीत, एकट्यानं वाट करायला घेतली. एकाला राबताना बघून दुसरा आला, मग चार आले, पुढे तिथं घाट उभा राहिला. त्याच यात्रेत ते आंधळ्या-पांगळ्यांना आणि महारोग्यांना अन्न-वस्त्र देऊ लागले.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. पडणारा आणि धडधाकट, दोघं एकाच यात्रेत होते, एकमेकांना दिसत नव्हते एवढंच. बाबांनी आयुष्यभर ही गाठ घालून दिली. कीर्तनात ते साधे साधे प्रश्न विचारायचे, लोक उत्तरं द्यायचे आणि हसता हसता कामाला लागायचे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. (पेशंट घेऊन मुंबईला गेलेल्याला विचारा, रात्रीच्या निवाऱ्याची किंमत काय असते!) एवढं उभं केलं, पण स्वतःच्या बायको-मुलांना त्यात जागा दिली नाही. स्वतः पंगतीपासून लांब बसून खापरातच भाकरी खायचे.

आपल्या भागाचंही त्यांच्याशी नातं आहे, बरं का. कर्मवीर भाऊराव पाटलांचं मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, म्हणजे आपल्याच वाळवा तालुक्यातलं. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेनं १९५४ साली कराडला कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं. शाळेत न गेलेल्या माणसाचं नाव कॉलेजला! मुलांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात. पुढे दोनच वर्षांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबा गेले.

यंदा चौथीच्या वर्गाला मी झाडूबरोबर आणखी एक काम दिलं. आपल्या गल्लीत एकटं राहणारं किंवा हिंडता-फिरता न येणारं कोण आहे, ते शोधून यायचं आणि त्यांना रोज काय अडतं ते विचारायचं. मोठमोठी उत्तरं येतील असं वाटलं होतं. आली ती अशी: सुईत दोरा ओवणं, गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचणं, नळ आला की हंडा आत नेणं, मोबाईल चार्जिंगला लावणं. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायला कुणीतरी पाहिजे, हेही आलं. ते काम मोठ्यांचं, म्हणून शेजारच्या कॉलेजच्या मुलांना सांगितलं.

पालकांनो, एक करा. मुलाला एकट्याला पाठवू नका, दोघं-दोघं जाऊ देत. आधी तुम्ही स्वतः त्या घरी जाऊन या. पैशाचा व्यवहार मुलांकडे नको आणि औषध मुलांनी फक्त वाचून दाखवायचं, द्यायचं नाही. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास पुरे. वार मात्र चुकवू नका, कारण ठरलेल्या दिवशी आजी दाराकडे डोळे लावून बसते.