बिनधुराची चूल आणि कुमारप्पा

नांदेड आणि लातूर भागात जुनी माळवदाची घरे असत. जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचे सपाट छत. धूर बाहेर जावा म्हणून छताला एक भोक ठेवत. त्याला साणे म्हणत. तरीही बराचसा धूर घरातच कोंडे. भाकरी करणाऱ्या आईच्या डोळ्यांतून पाणी वाहे. तिला खोकला येई. घरोघरी असेच चाले. त्यामुळे त्याकडे कोणी लक्ष देत नसे. लक्ष देणाऱ्या थोड्या माणसांत जे. सी. कुमारप्पा हे एक होते.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तमिळनाडूतील तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले. मुंबईत त्यांचा व्यवसाय चांगला चालला. पुढे अमेरिकेत त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. भारत गरीब का झाला, हा प्रश्न त्यांना तेथे सतावू लागला.

१९२९ साली ते साबरमती आश्रमात गांधीजींना भेटले. मग त्यांनी विलायती पोशाख सोडला आणि खादी स्वीकारली. गुजरातमधील मातर तालुक्यात गावोगाव फिरून त्यांनी शेतकऱ्यांच्या जमाखर्चाचा हिशेब मांडला.

१९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन असे उद्योग सुरू झाले. तेथेच १९४० च्या दशकात ‘मगन चूल’ तयार झाली.

ही चूल मातीची होती. एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी ठेवता येत. गरम हवा हलकी असते, ती वर चढते. म्हणून चुलीला धुराडे जोडले की धूर आपोआप वर ओढला जातो. धुराडे छताच्या वर न्यावे लागते. पाऊस आत येऊ नये म्हणून त्यावर टोपी बसवावी लागते. माळवदाच्या घरात लाकडी तुळईपासून धुराडे दूर ठेवावे लागते, नाहीतर आगीचा धोका असतो. काजळी वेळोवेळी काढली नाही, तर धूर पुन्हा घरात येतो.

पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळेतही राजू नावाच्या अभियंत्याने धुराड्याची चूल बनवली. त्या वेळी नांदेड आणि लातूर हैदराबाद राज्यातच होते.

३० जानेवारी १९६० रोजी कुमारप्पांचे निधन झाले. मोठ्या कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्या या विद्वानाने गरिबांच्या चुलीचाही विचार केला. घरातील धूर फुप्फुसांना किती घातक असतो, हे आज विज्ञानाने सिद्ध केले आहे. चुलीपुढे बसणाऱ्या आईचा त्रास ओळखणे, हीसुद्धा देशसेवाच आहे.

शब्दार्थ
माळवद – मातीचे सपाट छत
धुराडे – धूर बाहेर नेणारी नळी
काजळी – धुराचा काळा थर
चिटणीस – संस्थेचे काम पाहणारा अधिकारी

स्वाध्याय
१. जुन्या घरात साणे कशासाठी ठेवत?
२. धुराड्यातून धूर वर का जातो?
३. कुमारप्पांना कोणता प्रश्न सतावू लागला?