अल्गॉलचे कोडे उलगडणारा जॉन गुडरिक

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार, चिखली वा मेहकर परिसरात हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उत्तरेकडे उंचावर ययाती तारकासमूह दिसतो. त्यातील अल्गॉल हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. या नियमिततेचा शोध लावला तो जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने.

गुडरिक यांचा जन्म १७ सप्टेंबर १७६४ रोजी हॉलंडमधील ग्रोनिंगन येथे झाला. बालपणीच्या आजारात त्यांची श्रवणशक्ती गेली. एडिंबरो येथील थॉमस ब्रेडवूड यांच्या कर्णबधिरांच्या शाळेत व नंतर वॉरिंग्टन येथे त्यांचे शिक्षण झाले. इंग्लंडमधील यॉर्क येथे स्थायिक झाल्यावर एडवर्ड पिगॉट या खगोलप्रेमी स्नेह्याच्या सहवासात त्यांनी आकाशनिरीक्षण आरंभिले.

नोव्हेंबर १७८२ मध्ये अल्गॉलचे तेज घटल्याचे त्यांनी टिपले. शेजारच्या ताऱ्यांशी नुसत्या डोळ्यांनी तुलना करीत त्यांनी रात्रीमागून रात्री नोंदी ठेवल्या. एखादे काळोखे पिंड ताऱ्याभोवती फिरून त्यास झाकत असावे, किंवा ताऱ्यावरच डाग असावेत, असे दोन तर्क त्यांनी मांडले. या कार्यासाठी रॉयल सोसायटीने १७८३ मध्ये त्यांना कोपली पदक दिले. तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. पुढे स्वरमंडळातील बीटा व वृषपर्वातील डेल्टा हे रूपविकारी तारेही त्यांनी शोधले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाल्यावर अवघ्या चार दिवसांनी, २० एप्रिल १७८६ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पहिला तर्क खरा ठरण्यास शतक लोटले. १८८९ मध्ये जर्मनीच्या फोगेल यांनी वर्णपटाच्या साह्याने अल्गॉलचा अदृश्य जोडीदार सिद्ध केला. १९१० मध्ये स्टेबिन्स यांनी तेजातील दुसरी, उथळ घटही मोजली. साथीदार मंद असला तरी अगदी काळोखा नव्हता! १९१२ पासून हेन्री नॉरिस रसेल यांनी अशा ताऱ्यांचे प्रकाश-आलेख सोडविण्याची गणिती पद्धत घडविली. ग्रहणाच्या कालावधीवरून ताऱ्यांचे सापेक्ष आकार व घटीच्या खोलीवरून त्यांच्या पृष्ठतेजाचे प्रमाण काढता येऊ लागले. भारतात हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात कृष्ण दामोदर अभ्यंकर यांनी याच जोडताऱ्यांचा अभ्यास केला. आज संगणक हे काम झपाट्याने करतात. तथापि, त्यांना लागणारी मूळ सामग्री म्हणजे वेळ आणि तेज यांची प्रामाणिक नोंद. तिचा पाया ध्वनी न ऐकलेल्या या तरुणाने केवळ नजरेच्या बळावर घातला.