सेन्नाचा ब्रेक: ट्रॅक डेटातल्या रेषा कशा वाचायच्या?

ट्रॅकवरच्या गाडीचा डेटा पहिल्यांदा उघडला तेव्हा मला नुसत्या वेड्यावाकड्या रेषा दिसल्या. त्यांचा अर्थ मला लागला तो आयर्टन सेन्नाचं आयुष्य वाचताना.

सेन्ना 1960 मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत जन्मला. चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला छोटी कार्ट बनवून दिली. 1984 मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये आला आणि त्याच वर्षी मोनॅकोच्या धो धो पावसात टोलमनसारख्या छोट्या टीमच्या गाडीतून दुसरा आला.

इथे पाऊस महत्त्वाचा आहे. टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी असते. ब्रेकवर जास्त खर्च केली की वळायला कमी उरते. ओल्या रस्त्यावर तर पगारच कापला जातो!

आता आलेख बघू. वेग वाढला की एक रेषा शून्याच्या वर जाते, ब्रेक मारला की खाली. दुसरी रेषा वळताना बाजूला बसणारा जोर दाखवते. चांगला ड्रायव्हर वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडतो, म्हणून पहिली शून्याकडे येते तशी दुसरी वाढत जाते. मध्येच दोन्ही शून्याजवळ दिसल्या, तर तेवढी पकड वाया गेली समजा.

1988 च्या मोनॅको पात्रता फेरीत सेन्नाने सहकारी प्रोस्टला 1.4 सेकंदांनी मागे टाकलं. दोघांकडे मॅकलारेन-होंडाच होती, म्हणजे फरक मुख्यतः चालवण्याचा. शर्यतीत मात्र मोठी आघाडी असताना तो कठड्यावर आदळला. तरी त्या वर्षी, आणि पुढे 1990 व 1991 मध्येही, तोच विश्वविजेता झाला.

1 मे 1994. इमोलाच्या टांबुरेलो वळणावर त्याची गाडी वळायच्या ऐवजी सरळ भिंतीकडे गेली. त्यातच तो गेला. कारणावरून वर्षानुवर्षं वाद झाले, कोर्टात खटलाही चालला. पण डेटा एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ताशी 300 किलोमीटरच्या वर असलेला वेग दोन सेकंदांच्या आत सुमारे 215 वर आला होता. 1 जी म्हणजे दर सेकंदाला ताशी सुमारे 35 किलोमीटर वेग कमी होणं. इथे घट त्याहून जास्त आहे. म्हणजे एवढ्याशा वेळातही त्याने जोरात ब्रेक मारला होता.

म्हणून आता कुठलाही डेटा उघडला की मी आधी ब्रेकची रेषा बघतो. चालवणाऱ्याबद्दल ती सगळ्यात जास्त सांगते.