पंतप्रधानांनीही पहिली कार कर्ज काढून घेतली! काय आहे शास्त्रीजींच्या फियाटची गोष्ट?

लालबहादूर शास्त्री यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी मुघलसराय येथे झाला. वडील लवकर गेले, बालपण आजोळी काटकसरीत गेले. १९६४ मध्ये ते पंतप्रधान झाले, तरी घरची स्वतःची कार नव्हती. मुलांच्या आग्रहाखातर फियाट घ्यायचे ठरले. किंमत १२ हजार रुपये, खात्यात फक्त ७ हजार. उरलेल्या ५ हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज घेतले.

११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. निम्म्याहून अधिक रक्कम आधी भरूनही हप्ते मागे राहिले. पत्नी ललिता शास्त्री यांनी ते पेन्शनमधून फेडले. ही कार आज दिल्लीतील शास्त्री स्मारकात पाहायला मिळते.