लोखंडातल्या तड्यांपासून गर्भाशयापर्यंत

सोनोग्राफी आज तालुक्याच्या गावीही होते. ती स्त्रीरोगशास्त्रात रुजवणारे डॉ. इयान डोनाल्ड मात्र फारसे कोणाला ठाऊक नसतात.

त्यांचा जन्म १९१० सालचा, इंग्लंडमधील कॉर्नवॉलचा. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात डॉक्टर होते. रडार आणि सोनारची ओळख त्याच काळातली. १९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी पोटातली गाठ हाताने चाचपून ओळखावी लागे. खात्री व्हायची ती बहुधा पोट उघडल्यावरच.

ग्लासगोजवळच्या रेन्फ्रू येथील बॉयलर कारखान्यात धातूतले तडे ध्वनिलहरींनी शोधत. जुलै १९५५ मध्ये डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून तिथे गेले. द्रवाने भरलेली गाठ आणि भरीव फायब्रॉइड यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे उमटले. पुढे अभियंता टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्या साथीने रुग्णांसाठी यंत्र घडले. जठराचा असाध्य कर्करोग ठरवलेल्या एका स्त्रीच्या पोटात या तपासणीत मोठी द्रवगाठ दिसली. शस्त्रक्रियेत ती बीजकोशाची साधी गाठ निघाली आणि बाई वाचली. १९५८ मध्ये तिघांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. स्वतःच्या हृदयावर मोठ्या शस्त्रक्रिया होऊनही डोनाल्ड काम करत राहिले. १९८७ मध्ये ते वारले.

त्यांच्या यंत्रात पोटाचा एकच सपाट छेद दिसे. आजची त्रिमितीय सोनोग्राफी असे अनेक छेद जुळवून गर्भाशय समोरून दाखवते. साध्या सोनोग्राफीत हा छेद सहसा मिळत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या काही स्त्रियांच्या गर्भाशयात जन्मतः मधोमध पडदा असतो, तर काहींचे गर्भाशयच वरून दुभंगलेले असते. आतून दोन्ही सारखेच भासतात. फरक कळतो तो गर्भाशयाच्या माथ्याच्या बाहेरच्या कडेवरून: पडदा असेल तर ती बहुधा सलग असते, दुभंग असेल तर तिथे खोल खाच असते. निवडक रुग्णांमध्ये पडदा योनीमार्गे दुर्बिणीने कापता येतो. दुभंगलेल्या गर्भाशयावर तीच कात्री चालवली तर भोक पडण्याचा धोका. पूर्वी हा निवाडा करायला पोटात दुर्बीण घालावी लागे. आता तो बहुतेक वेळा टाका न घालता होतो.

कापण्यापूर्वी नीट पाहावे, हाच डोनाल्ड यांचा ध्यास होता. म्हणून गर्भाशयात पडदा असल्याचे निदान झाले, तर शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी त्रिमितीय तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.