बेंजामिन फ्रँकलिन: विजेला जमिनीची वाट दाखवणारा माणूस



मी रिसोडचा. एकदा पावसाळ्यात शेतातल्या मोटारीच्या स्टार्टर पेटीला ओल्या हाताने हात लावला आणि असा झटका बसला की हात कितीतरी वेळ बधिर होता. पेटीची अर्थिंगची तार गंजून तुटली होती. ही तार जमिनीत गाडायची आयडिया कुणाची, हे शोधताना मला बेंजामिन फ्रँकलिन सापडला.

छापखान्यातला पोरगा

१७०६ साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये साबण-मेणबत्त्या बनवणाऱ्याच्या घरी तो जन्मला. दहाव्या वर्षी शाळा सुटली, बाराव्या वर्षी मोठ्या भावाच्या छापखान्यात लागला. भावाशी पटेना, म्हणून १७२३ मध्ये पळून फिलाडेल्फियाला गेला. तिथे छपाईत एवढं कमावलं की ४२ व्या वर्षी धंद्यातून मोकळा झाला आणि विजेच्या मागे लागला.

झटका त्यालाही बसला

डिसेंबर १७५० मध्ये तो काचेच्या बरण्यांत साठवलेल्या विजेने टर्की पक्षी मारून दाखवणार होता. चुकून त्याचेच दोन्ही हात जोडणीला लागले, वीज अंगातून गेली आणि त्याची शुद्ध हरपली. विजेला वाट हवी असते. ती तारेची नसेल तर माणसाची चालते.

१७५२ चा त्याचा पतंग प्रसिद्धच आहे. पण पतंगावर वीज कोसळली नव्हती, नाहीतर फ्रँकलिन वाचलाच नसता. ढगातला थोडासा विद्युतभार ओल्या दोरीतून किल्लीपर्यंत उतरला, एवढंच. त्याच सुमारास त्याने तडितरक्षक सुचवला: छपरावर लोखंडी कांब, तिथून थेट ओल्या जमिनीत. पेटंट घेतलं नाही, कृती सगळ्यांसाठी छापून टाकली.

पुढच्याच वर्षी रशियात रिचमन हा शास्त्रज्ञ ढगांतली वीज मोजत होता. त्याने छपरावरची कांब घरात आणली होती, पण मोजमापासाठी जमिनीला जोडली नव्हती. वादळात तो जवळ गेला आणि जागीच मेला. कांब तीच, फक्त जमिनीची वाट नव्हती.

फ्रँकलिन पुढे राजकारणात गेला, १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि १७९० मध्ये वारला.

आज ही वाट कुठे आहे?

तीन पिनच्या प्लगमधली जाड, लांब पिन म्हणजे तीच वाट. लांब असल्याने ती सॉकेटमध्ये सगळ्यात आधी जोडली जाते.

यंत्रच फिरतं असेल तर? वणीकडच्या कोळसा खाणींसारख्या उघड्या खाणीत मोठी विजेवरची शॉव्हेल यंत्रं साधारण ६,६०० व्होल्टवर चालतात. तिथे अर्थिंगची तार केबलमध्येच यंत्रासोबत फिरते. शेजारची पायलट तार ती शाबूत आहे का हे सतत तपासते. तुटली की सप्लाय बंद.

घरी नुसती अर्थिंग पुरत नाही. जमीन कोरडी असेल आणि अर्थिंगचा रोध २३ ओहम भरला, तर २३० व्होल्टला १० अँपिअरच वाहतात. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर पडणारच नाही. इथे आरसीसीबी कामाला येतो. तो गेलेला आणि परत आलेला करंट मोजतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाइन तोडतो.

म्हणून आज एवढंच करा: घरातल्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. तो पडला नाही, तर लगेच इलेक्ट्रिशियनला बोलवा. शेतातल्या पेटीची तार तुटलेली दिसली, तर पेटीला हात लावू नका. आधी मेन बंद करायला लावा.